खुब्याचे हाड आणि रक्ताची गुठळी

घरातील सत्तरी उलटलेली आजी न्हाणीघरात घसरते, खुब्याचे हाड मोडते, आणि त्या क्षणापासून सर्वांचे लक्ष त्या हाडाकडे लागते. हे साहजिक आहे. परंतु शस्त्रक्रिया उत्तम पार पडली, टाके सुकले, आणि आठव्या-दहाव्या दिवशी पलंगावरून उठताना आजी एकाएकी धापा टाकीत कोसळली, अशी हकीकत कित्येक डॉक्टर सांगतील. पायाच्या खोल नीलेत साकळलेली गुठळी सुटून हृदयावाटे फुप्फुसात अडकलेली असते.

ती साकळते का? जर्मन शास्त्रज्ञ फिर्खो याच्या नावाने तीन कारणे सांगतात: रक्ताचा ओघ मंदावणे, नीलेच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची साकळण्याची प्रवृत्ती वाढणे. खुबा मोडलेल्या वृद्धाच्या ठायी ही तिन्ही एकदम येतात. चालताना पोटरीचे स्नायू नीला दाबून रक्त वर ढकलतात. पाय निश्चल पडला की हा पंप बंद. म्हणजे धोका शस्त्रक्रियेपासून नव्हे, पडल्यापासूनच सुरू होतो. 'दोन दिवस विश्रांती घेऊ द्या, मग पाहू' ही माया म्हणूनच महागात पडते.

बर्मिंगहॅमच्या सेव्हिट व गॅलॅघर यांनी १९५९ साली असे ३०० रुग्ण घेऊन निम्म्यांना रक्त पातळ ठेवणारे औषध दिले. त्यांच्यात गुठळ्या फारच थोड्या झाल्या. आज बहुधा हेपरिनच्या जातीचे इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली देतात. मात्र कमरेत सुई देऊन भूल द्यावयाची असेल, तर आधी सुमारे बारा तास ते थांबवावे लागते, नाहीतर मज्जारज्जूभोवती रक्त साचण्याची भीती. ॲस्पिरिनची गोळी पुरेल काय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील १२,२११ अस्थिभंग रुग्णांच्या तुलनेत मृत्यूंच्या बाबतीत ती इंजेक्शनाहून उणी ठरली नाही. पायातील गुठळ्या मात्र थोड्या अधिक आढळल्या. पण त्या रुग्णांचे सरासरी वय पंचेचाळिशीच्या आसपास होते. आजीसाठी तो निकाल जसाच्या तसा उचलण्यास मी तयार नाही.

औषध साधारण महिनाभर चालते, म्हणजे त्याचा बराच भाग घरी. तेथेच ते चुकते. डॉक्टरांची संमती मिळताच आजीला आधार देऊन उभे करावे, पडल्यापडल्या पावले वरखाली हलवावयास सांगावीत. आणि एक पोटरी सुजून दुखू लागली, तर कोमट तेलाची वाटी घेऊन ती चोळीत बसू नये. गुठळी सुटण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.