समूहातील नोंदी आणि बूटस्ट्रॅप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हाती असलेल्या नमुन्यातूनच परतीसह पुन्हापुन्हा निवड करायची, प्रत्येक वेळी हवी ती सरासरी किंवा गुणांक काढायचा आणि या उत्तरांच्या चढउतारावरून अंदाजाची प्रमाण त्रुटी ठरवायची, या पद्धतीला बूटस्ट्रॅप म्हणतात. परतीसह निवड म्हणजे उचललेली चिठ्ठी वाचून पुन्हा डब्यात टाकणे. त्यामुळे एकच नोंद दोनदा येऊ शकते आणि एखादी मुळीच येत नाही. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रॉन यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली. मूळ मांडणीत सर्व नोंदी परस्परांपासून स्वतंत्र मानलेल्या होत्या. एका गावातील कुटुंबे, एका वर्गातील मुले किंवा एकाच रुग्णाच्या अनेक तपासण्या मात्र एकमेकांशी बांधलेल्या असतात. बहुतेक चुका इथेच होतात.

गैरसमज १ : बूटस्ट्रॅप काहीच गृहीत धरत नाही, म्हणून नोंदींच्या सुट्या ओळी थेट निवडल्या तरी चालते.

वस्तुस्थिती : बूटस्ट्रॅपला घंटाकार वितरणाची गरज नसते, पण पुनर्निवड मूळ निवडीसारखीच असावी लागते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आधी गावे किंवा शहरी गणना गट निवडले गेले आणि मग प्रत्येक ठिकाणची २२ कुटुंबे. गावातील पाणी, दवाखाना, रस्ता सर्वांना सारखाच, त्यामुळे कुटुंबांची उत्तरेही काही अंशी सारखी येतात. सुट्या कुटुंबांची पुनर्निवड केली की हे नाते तुटते आणि प्रमाण त्रुटी सहसा खऱ्यापेक्षा लहान दिसते. अशा वेळी अख्खे गाव हेच निवडीचे एकक धरावे लागते. ग्रामीण व शहरी स्तर मूळ रचनेत वेगळे असतील, तर पुनर्निवडही स्तरनिहाय करावी.

गैरसमज २ : समूहातील सहसंबंध क्षुल्लक असेल तर दुर्लक्ष करता येते.

वस्तुस्थिती : परिणाम सहसंबंधासोबत समूहाच्या आकारावरही ठरतो. समूह सारख्या आकाराचे असतील, तर सरासरीचे प्रचरण १ + (समूहाचा आकार − १) × सहसंबंध इतक्या पटीने वाढते. समजा १०० गावांतून प्रत्येकी २२, म्हणजे २,२०० कुटुंबे घेतली आणि सहसंबंध अवघा ०.०५ आहे. ही पट २.०५ येते. म्हणजे २,२०० कुटुंबांत स्वतंत्र अशा सुमारे १,०७३ कुटुंबांइतकीच माहिती आहे. तेवढ्याच सहसंबंधात समूह २०० नोंदींचा असेल, तर पट १०.९५ होते आणि प्रमाण त्रुटी ३.३ पट वाढते.

गैरसमज ३ : आधी समूह आणि मग त्यातील ओळीही परतीसह निवडल्या की उत्तर अधिक अचूक येते.

वस्तुस्थिती : समूहांची परतीसह निवड करताना समूहांतर्गत चढउतार आपोआप सोबत येतो. आतल्या ओळींची पुन्हा परतीसह निवड केल्यास तोच चढउतार दोनदा मोजला जातो आणि प्रचरण फुगते. निवडलेला समूह जसाच्या तसा उचलणे हा सर्वसाधारण नियम आहे.

गैरसमज ४ : निवडलेल्या समूहांच्या ओळी गाळून घेतल्या की प्रोग्रॅम पूर्ण झाला.

वस्तुस्थिती : आर असो वा पायथन, ही चूक सहज होते आणि संगणक कोणतीही सूचना देत नाही. समजा निवडीत ७ क्रमांकाचे गाव तीनदा आले. ‘ज्यांचा गाव क्रमांक या यादीत आहे त्या ओळी’ अशी अट लावली, तर ते गाव एकदाच मिळते. परतीसह निवडीचा अर्थच नाहीसा होतो. त्यासाठी निवडलेल्या यादीतील प्रत्येक नोंदीला त्या गावाच्या सर्व ओळी जोडाव्या लागतात. शिवाय प्रत्येक प्रतीला नवा क्रमांक द्यावा. तसे न केल्यास, मिश्र प्रतिमानासारखी समूह क्रमांक वापरणारी पद्धत तिन्ही प्रतींना एकच मोठे गाव समजते.

गैरसमज ५ : पुनर्निवडीच्या फेऱ्या वाढवल्या की समूह कमी असल्याची उणीव भरून निघते.

वस्तुस्थिती : दहा हजार फेऱ्यांनी फक्त संगणकीय निवडीतला योगायोग कमी होतो, नवी माहिती येत नाही. समूह पाच-सहाच असतील, तर अख्ख्या समूहांच्या पुनर्निवडीतून मिळणारे विश्वास अंतराल बहुधा खऱ्यापेक्षा अरुंद निघते. समाश्रयणासाठी कॅमेरॉन, गेलबाख आणि मिलर यांनी २००८ मध्ये ‘वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप’ वापरण्याची शिफारस केली. त्यात समूह जागच्या जागी राहतात आणि प्रत्येक समूहातील सर्व अवशेषांना (प्रत्यक्ष आणि अंदाजित मूल्यांतील फरकांना) एकत्रितपणे +१ किंवा −१ ने गुणले जाते. यालाही मर्यादा आहे. पाच समूहांत चिन्हांच्या फक्त ३२ जुळण्या होतात, त्यामुळे फेऱ्या कितीही घेतल्या तरी वेगळी उत्तरे ३२ पेक्षा जास्त मिळत नाहीत.

म्हणून प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : मूळ नमुना घेताना चिठ्ठी कशाची निघाली होती? गावाची निघाली असेल, तर पुनर्निवडीतही गावाचीच निघाली पाहिजे, आणि अहवालात कुटुंबांच्या संख्येसोबत गावांची संख्याही द्यायला हवी.