रंगीत पेन्सिलींनी खंड्या रंगवताना...

कागद : किंचित खरखरीत आणि जाड. गुळगुळीत कागद रंगाचे थर धरत नाही.

पांढरा : गळा-छाती आणि डोळ्यातली चमक म्हणजे कोरा कागद. ही जागा आधीच राखून ठेवा. पांढरी पेन्सिल गडद रंग झाकत नाही.

क्रम : फिक्याकडून गडदाकडे, हलक्या हाताने थरावर थर. रेघ पिसांच्या दिशेनेच ओढा.

निळा : खंड्याच्या पाठीचा निळा हा रंगद्रव्याचा नव्हे, पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरल्याने तो दिसतो. म्हणून एकाच निळ्यावर न थांबता आकाशी, मोरपंखी आणि गर्द निळा एकमेकांत मिसळा.

सावली : चॉकलेटी डोक्यावर काळ्याऐवजी तपकिरीवर गर्द निळा चढवा, रंग जिवंत राहतो.

चोच : लाल. आधी नारिंगीचा हात द्या.