एरंडेल, रेच आणि विरेचन

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद. मराठी कुटुंब जेथे जेथे स्थायिक झाले तेथे त्याने आपल्याबरोबर देव्हारा नेला, गोडा मसाला नेला आणि एरंडेलाची बाटलीही नेली. महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी अनशापोटी, सुंठीच्या काढ्यात नाहीतर कोऱ्या चहात घातलेले ते दाट, ओशट तेल नाक दाबून घोटायचे, वरून लिंबाची फोड चोखायची आणि दुपारी मऊ भात खाऊन पडून राहायचे, हा क्रम वडीलधाऱ्या वाचकांपैकी कित्येकांनी अनुभवला असेल. आजीच्या लेखी बहुतेक दुखण्यांचे मूळ कोठ्यात असे आणि त्यावरचा उपाय त्या बाटलीत.

आता ती बाटली पुष्कळ घरांतून नाहीशी झाली आहे. तिच्या जागी चूर्णांचे देखणे डबे, थोड्या दिवसांत आतडी निर्मळ करून देण्याची आश्वासने आणि सुटीच्या ठिकाणची पंचकर्म-शिबिरे आली आहेत. आजी निदान पोर अशक्त आहे की धडधाकट, हे पाहून चमचा लहानमोठा करी. डब्याला तेवढीही दृष्टी नसते. हे सारे आयुर्वेदाच्या नावाने चालते, म्हणून आयुर्वेदाचे ग्रंथ प्रत्यक्षात काय सांगतात ते पाहणे अगत्याचे आहे.

पंचकर्मांतील विरेचन म्हणजे नुसता जुलाब नव्हे. वैद्य प्रथम रुग्णाचे बल, वय, ऋतू आणि कोठा पाहतो. मग पचन सुधारणारी औषधे देऊन, ३ ते ७ दिवस रोज सकाळी वाढत्या प्रमाणात औषधी तूप पाजले जाते. त्यानंतर अंगाला तेल लावून शेक दिला जातो आणि मग कोठे रेचक औषधाचा दिवस उजाडतो. त्या दिवशी वेग मोजतात. १०, २० किंवा ३० वेगांवरून शुद्धी कनिष्ठ, मध्यम की उत्तम हे ठरते. पुढचा भाग तर आपण पूर्णच विसरलो आहोत. रेचानंतर अग्नी मंद झालेला असतो, म्हणून शुद्धीच्या प्रमाणात ३, ५ किंवा ७ दिवस आधी पेज, मग दाट पेज, मग मुगाचे कढण, अशा पायऱ्यांनी रुग्णाला नेहमीच्या जेवणावर आणायचे असते. चरकसंहितेत यासाठी विस्तवाचा दृष्टांत आहे: ठिणगीला आधी गवत आणि गोवरीच घालावी लागते. सकाळी रेच आणि संध्याकाळी श्रीखंड-पुरी, हा प्रकार कोणत्याही संहितेत बसत नाही.

चरकाच्या सूत्रस्थानातील पंधरावा अध्याय या दृष्टीने मोठा वाचनीय आहे. वमन-विरेचनापूर्वी कोणती सिद्धता करावी, याचे त्यात वर्णन आहे. वारा थेट न लागणारे घर, स्वयंपाकघर, शौचकूप, कुशल स्वयंपाकी, अंग रगडणारे सेवक, दुभती गाय, इतकेच काय, मन रमवण्यासाठी गाणारे आणि कथा सांगणारेदेखील! राजेरजवाड्यांचा थाट म्हणून हे हसण्यावारी नेता येईल; पण त्यामागील विचार असा, की औषध चुकीचे लागू पडले तर उपाय हाताशी असावेत, ऐन वेळी बाजारात धावावे लागू नये. सिद्धिस्थानात तर अशा बिघाडांवर स्वतंत्र अध्यायच आहे. पोटफुगी, गुदद्वाराशी कातरल्यासारखी वेदना, रक्तस्राव, ग्लानी असे दहा उपद्रव त्यात सांगितले आहेत. हा उपचार धोक्याचाही आहे, हे प्राचीनांना पक्के ठाऊक होते.

द्रव्यांची निवडही माणूस पाहून. मृदू कोठ्याला मनुका किंवा ऊन दूधही पुरे होते. क्रूर कोठा सौम्य औषधाला दाद देत नाही. बहाव्याच्या शेंगेचा गर हा सौम्य रेचकांत श्रेष्ठ, निशोत्तर सुखाने रेच करवणाऱ्यांत, तर निवडुंगाचा चीक तीक्ष्ण औषधांत, अशी चरकाची प्रतवारी आहे. जमालगोटा याहून जहाल. पारा, गंधक, टाकणखार, सुंठ यांच्याबरोबर तो 'इच्छाभेदी रसा'त असतो. थंड पाणी पीत राहावे तोवर जुलाब आणि ऊन पाणी प्याले की बंद, म्हणून हे नाव. इच्छा रुग्णाची असली तरी जमालगोटा ती दर वेळी मानीलच असे नाही. असे औषध शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेण्याचे नव्हे.

एरंडेलाचे कार्य आज नीट कळले आहे. लहान आतड्यात त्यातून रिसिनोलिक आम्ल सुटते, आतड्याची हालचाल वाढते आणि बहुधा २ ते ६ तासांत रेच होतात. एरंडाच्या बीत रिसिन हे घातक विष असते. ते तेलात उतरत नाही, म्हणून औषधी शुद्ध तेल चालते. बिया चावून खाणे मात्र प्राणावर बेतू शकते. गुजरातेत एरंडाची शेती मोठी, तेव्हा तिकडील वाचकांनी मुलांवर लक्ष ठेवावे. आतड्यांच्या भिंतीला वर्षानुवर्षांचा मळ चिकटून राहतो, हे चित्र केवळ जाहिरातींतले. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होत असते आणि दुर्बिणीने तपासताना असले थर आढळत नाहीत. आयुर्वेदातही विरेचनाचे लक्ष्य मुख्यतः पित्त आहे, नळी घासणे नव्हे. जुलाबाबरोबर जाते ते पाणी, मीठ आणि पोटॅशियम.

म्हणूनच गरोदर स्त्रिया, लहान मुले, अतिवृद्ध, हृदयाचे वा मूत्रपिंडाचे रुग्ण, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे आणि मधुमेही यांनी रेचाच्या वाटेला आपल्या मनाने जाऊ नये. मिठाचे पाणी पिऊन केलेले शंखप्रक्षालनही रक्तदाबाच्या रुग्णाला बाधते. बोंडल्याने तान्ह्या बाळाला एरंडेल पाजण्याची चाल तर साफ सोडावी. बाळाच्या अंगातले पाणी फार लवकर आटते. सर्वांत घातक समजूत म्हणजे पोटात दुखू लागले की आधी रेच. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारी कळ, बरोबर ताप आणि मळमळ, ही लक्षणे अपेंडिक्सच्या सुजेची असू शकतात. त्या स्थितीत रेचक दिल्यास ते फुटण्याचा धोका असतो. दुखण्याचे कारण कळेपर्यंत बाटलीला हात लावू नये.

नित्य पोट साफ होत नाही अशांचा प्रश्न निराळा. बाजारातील अनेक चूर्णांत सोनामुखी असते. ती प्रसंगी उपयोगी, पण महिनोन् महिने घेतल्यास पोटॅशियम उतरते. डब्यावरचे घटक वाचावेत. त्रिफळा त्या मानाने सौम्य. इसबगोल रेचक नसून भरड आहे. पेलाभर पाण्यासह घ्यावे, अन्यथा तेच घशात वा आतड्यात अडकते. शौचाची जुनी सवय एकाएकी बदलली, रक्त पडले किंवा वजन उतरू लागले, तर कोणतेही चूर्ण नको, तपासणी हवी. शास्त्रोक्त विरेचनच करायचे तर आयुर्वेद महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तेथे चालू असलेली सर्व औषधे वैद्यांना दाखवावी.

घेतलेला रेच आवरेनासा झाला तर औषधविक्रेत्याकडील जलसंजीवनीची पुडी सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात विरघळवून घोट घोट पाजावी. ती नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. लघवी थांबली, ग्लानी आली, मळातून रक्त दिसले किंवा उलट्यांमुळे पाणीच ठरेना, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे आणि जे औषध घेतले असेल त्याची बाटली किंवा पुडी बरोबर न्यावी.