न्युंबानी : अनाथांचें घर

स्वाहिली भाषेंत ‘न्युंबा’ म्हणजे घर आणि ‘न्युंबानी’ म्हणजे घरीं. केनिया देशाची राजधानी जी नैरोबी, तिच्या कॅरन नांवाच्या उपनगरांत या नांवाची एक संस्था आहे. १९९२ सालच्या सप्टेंबर महिन्यांत तीन मुलांना घेऊन ती सुरू झाली, तेव्हां तिच्यापासून फार मोठी अपेक्षा करण्याजोगी परिस्थिति नव्हती. मुलें एच्. आय्. व्ही. या विषाणूनें ग्रस्त अशा मातांचीं होतीं, आणि त्या विषाणूवर त्या काळीं खात्रीचा इलाज नव्हता. त्यांना पोटभर अन्न, स्वच्छ अंथरूण आणि उशाशीं बसणारें कोणी माणूस मिळावें, एवढें झालें तरी पुष्कळ, असा तो काळ होता. पुढें हीं मुलें मोठीं होऊं लागलीं, आणि त्याबरोबर त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांचें कामहि पालटून गेलें. तें कसें पालटलें, हें समजून घेण्यासारखें आहे.

या घराचे संस्थापक फादर अँजेलो डी’अगोस्तिनो हे अमेरिकन. १९२६ सालीं प्रॉव्हिडन्स शहरीं त्यांचा जन्म झाला. ते आधीं शस्त्रवैद्य झाले, मग जेसुइट पंथाचे धर्मगुरु आणि मानसरोगचिकित्सक. निर्वासितांच्या सेवेच्या निमित्तानें ते आफ्रिकेंत आले आणि तेथलेच होऊन राहिले. ज्या वयांत माणसें कामाचा भार उतरवून ठेवतात, त्या सहासष्टाव्या वर्षीं त्यांनीं हा नवा भार खांद्यावर घेतला. लोरेटो संघाच्या आयरिश जोगीण सिस्टर मेरी ओवेन्स या पहिल्यापासून त्यांच्या सहकारी होत्या. मुलांना एवढें लांबलचक आडनांव कोठून उच्चारतां येणार? त्यांच्या तोंडीं तें ‘फादर डॅग’ एवढेंच उरलें.

केनियांत एड्सचा पहिला रुग्ण १९८४ सालीं आढळला, आणि १९९९ सालीं तेथील राष्ट्राध्यक्षांना हा रोग म्हणजे राष्ट्रीय आपत्ति असें जाहीर करावें लागलें. या रोगाची रीतच अशी कीं, तो घरांतील कर्त्या माणसांना आधीं उचलतो. आई-बाप तरुणपणींच जातात आणि मागें राहतात तीं म्हातारीं माणसें व लहान मुलें. आईच्या शरीरांतील विषाणु गरोदरपणांत, बाळंतपणांत किंवा अंगावरच्या दुधांतून मुलाकडे जाऊं शकतो. औषधोपचार मुळींच न झाल्यास अशा शंभर मुलांपैकीं सुमारें पंधरा ते पंचेचाळीस मुलांना त्याची बाधा होते. पोरक्या पोराला भाऊबंदांनीं पोटाशीं धरावें, हा आफ्रिकेंतील जुना कुळधर्म. परंतु भीतीपुढें तोहि लटका पडला. वस्तुतः एका ताटांत जेवल्यानें, एका अंथरुणांत निजल्यानें, कडेवर घेतल्यानें किंवा मुका घेतल्यानें हा रोग जडत नाहीं. पण हें ज्ञान घरोघर पोहोंचण्याआधीं भय पोहोंचलें होतें, आणि त्यापायीं तान्हीं मुलें टाकून दिलीं जात होतीं.

त्यांतहि एक मोठा घोटाळा होता. विषाणूचा शिरकाव झाला कीं शरीर त्याच्या प्रतिकारार्थ रक्तांत विशिष्ट प्रतिद्रव्यें निर्माण करतें, आणि रक्ताच्या साध्या परीक्षेंत विषाणु दिसत नसून हीं प्रतिद्रव्यें दिसतात. आईचीं प्रतिद्रव्यें गर्भाच्या रक्तांत उतरतात आणि जन्मानंतर अठरा महिन्यांपर्यंत टिकूं शकतात. म्हणजे आई बाधित असली कीं मूल निरोगी असूनहि परीक्षा त्यास बाधित ठरविते! केवळ अशा परीक्षेवर विसंबून ज्यांच्या कपाळीं मरण लिहिलें गेलें, त्यांपैकीं कित्येकांना तो रोग झालेलाच नव्हता. त्यांना हवें होतें तें एवढेंच, कीं कोणीतरी दीड वर्ष त्यांना दूध पाजावें, न्हाऊं-माखूं घालावें आणि वाट पाहावी. न्युंबानीनें प्रथम केलें तें हेंच. ज्या मुलांच्या रक्तांतील आईचीं प्रतिद्रव्यें कालांतरानें नाहींशीं झालीं, तीं निरोगी ठरलीं आणि त्यांना दत्तक जाण्याचा मार्ग मोकळा झाला. आज विषाणूचाच थेट शोध घेणारी परीक्षा उपलब्ध असल्यामुळें हा उलगडा जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत होऊं शकतो.

उरलेल्या मुलांचें काय? बाधित अर्भकांना उपचार न मिळाल्यास त्यांपैकीं निम्मीं दोन वर्षांच्या आंत दगावतात. हा विषाणु आपल्या प्रती काढतांना वारंवार चुका करतो, आणि त्या चुकांतूनच एखाद्या औषधाला दाद न देणारी जात उपजते. म्हणून एकटें औषध लवकरच निकामी ठरतें. तीन औषधें एकदम दिलीं म्हणजे तिन्हींना चुकविणें विषाणूला जवळजवळ अशक्य होतें, असें १९९६ च्या सुमारास सिद्ध झालें. श्रीमंत देशांतील रोगी अंथरुणावरून उठून कामाला लागले. परंतु त्या औषधांचा खर्च एका माणसामागें वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक होता, आणि अनाथाश्रमाच्या थैलींत तो बसणें शक्य नव्हतें. तें औषध जगांत होतें, पण मुलांच्या हातीं येत नव्हतें.

ही कोंडी फुटण्यास मुंबईचा हात लागला. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यांत औषधावर हक्क नसे, तें तयार करण्याच्या कृतीवरच तेवढा असे. त्यामुळें निराळ्या कृतीनें तेंच औषध बनविण्यास येथील कारखान्यांना मोकळीक होती. ती सवलत पुढें २००५ सालीं संपली. १९३५ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या सिप्ला कंपनीनें २००१ च्या फेब्रुवारींत, युसुफ हमीद यांच्या नेतृत्वाखालीं, तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा सेवाभावी वैद्यकीय संस्थेस साडेतीनशें डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनहि कमी किंमतींत, देऊं केला. मूळ कंपन्यांचे हक्क आड आले तरी अशीं स्वस्त औषधें आपल्या मुलांकरितां परदेशांतून आणावयाचींच, असा निर्धार फादर डॅग यांनीं त्याच वर्षीं जाहीर केला. मृदु स्वभावाच्या धर्मगुरूनें कायद्याशीं झुंजण्याची भाषा करावी, याचें कोणास नवल वाटेल. पण डोळ्यांदेखत मुलें गमावणाऱ्या माणसाजवळ दुसरी भाषा शिल्लक राहत नाहीं. स्वस्त औषधांच्या आयातीस वाट करून देणारा कायदा केनियाच्या संसदेनेंहि त्याच सालीं संमत केला.

औषध हातीं आलें, पण शुश्रूषा संपली नाहीं. किंबहुना ती खरी येथूनच सुरू झाली. हीं औषधें रोग समूळ नाहींसा करीत नाहींत, त्याला दाबून ठेवतात. म्हणून तीं रोज, ठरल्या वेळीं आणि जन्मभर घ्यावीं लागतात. मूल वाढेल तसें वजन पाहून प्रमाण बदलावें लागतें; कडू औषध ओकून टाकणाऱ्या तान्ह्याला तें पुन्हा पाजावें लागतें. आणि एके दिवशीं आठ-दहा वर्षांचें पोर विचारतें, “ही गोळी मलाच कां?” या प्रश्नाला खोटें उत्तर देऊन चालत नाहीं. मुलाच्या समजुतीप्रमाणें, थोडें थोडें, पण खरें तेंच सांगावें लागतें. कारण पुढें औषध घेण्याचा कंटाळा करणाऱ्या वयांत त्या सांगण्यावरील विश्वास हाच त्याचा आधार असतो.

जगावयाचें ठरलें म्हणजे शिकावयासहि हवें. केनियांत २००३ सालीं सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत झालें. तरीहि कांहीं शाळांनीं न्युंबानीच्या मुलांना दार उघडलें नाहीं. २००४ च्या जानेवारींत संस्थेनें हा प्रश्न थेट उच्च न्यायालयांत नेला, तेव्हां शासनानें मुलांना प्रवेश देण्याचें मान्य केलें. मरणाच्या दारांतल्या मुलाला शाळेचा दाखला लागत नाहीं. तो मागावा लागला, यांतच मुलें जगूं लागल्याची साक्ष होती.

संस्था कितीहि प्रेमळ असली तरी ती आपल्या माणसांची जागा घेऊं शकत नाहीं, हें या परदेशी सेवकांनीं ओळखलें होतें. म्हणून १९९८ पासून ‘लेआ टोटो’, म्हणजे ‘मूल वाढवा’, या नांवानें नैरोबीच्या गरीब वस्त्यांत त्यांनीं दुसरें काम उभारलें. मूल आपल्या नातलगांजवळच राहतें. औषध, आहार आणि सल्ला त्याच्या दारीं जातो. किटुई भागांत मिळालेल्या हजार एकर जमिनीवर २००६ सालीं एक गांवच वसविण्यास प्रारंभ झाला. एड्समुळें मुलगा-सून गमावलेली आजी आणि त्याच रोगानें पोरकीं झालेलीं दहा-बारा मुलें असा एकेक संसार तेथें मांडलेला आहे. त्यांतील सारीं मुलें कांहीं बाधित नाहींत. पोरकेपण मात्र सर्वांचें सारखें आहे.

फादर डॅग हे २० नोव्हेंबर २००६ रोजीं नैरोबींतच वारले. काम थांबलें नाहीं. सिस्टर मेरी ओवेन्स यांनीं तें पुढें चालविलें. परदेशांतून सेवेच्या उत्साहानें येणाऱ्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. आई-बापांच्या वियोगानें एकदां होरपळलेलें मूल नव्या माणसाला चटकन् बिलगतें. तें माणूस महिन्या-दोन महिन्यांनीं निघून गेलें कीं जुनी जखम पुन्हा उघडी पडते. अशा मुलांना पाहुणा नको असतो. जो राहूं शकतो, त्यानें राहावें. ज्याला राहणें शक्य नाहीं, त्यानें तेथें कायम राहणाऱ्या आजीचे, दाईचे, शिक्षकाचे हात बळकट करावेत. मुलें मोठीं होऊन घराबाहेर पडतील, हें गृहीत धरून ज्याला काम करावें लागतें, तें घर खऱ्या अर्थानें घर होय. न्युंबानीला तें नांव शोभूं लागलें तें मुलें तेथें आलीं म्हणून नव्हे, तर मोठीं होऊन तेथून बाहेर पडूं लागलीं म्हणून.