ओलावामापकातील हवेचा थर : धान्य ओलसर, आकडा कोरडा

साठवणीपूर्वी धान्यातील ओलावा मोजणे हा किडींच्या बंदोबस्ताचा पहिला टप्पा होय. ओलावा १० टक्क्यांच्या खाली असल्यास सोंडे किड्यासारख्या अनेक किडींची वाढ मंदावते. खापरा भुंगेरा मात्र अपवाद असून तो अतिशय कोरड्या धान्यातही तग धरतो. ओलावा १४ टक्क्यांपुढे गेल्यास किडींच्या जोडीला बुरशीचाही धोका वाढतो. त्यामुळे मापकावरील एक-दोन टक्क्यांची चूकदेखील महागात पडू शकते. अशा चुकीचे एक सहज टाळता येण्याजोगे कारण म्हणजे मापकाच्या कक्षात राहिलेली हवा.

बरेचसे अंकीय ओलावामापक धारित्राच्या, म्हणजेच कपॅसिटरच्या तत्त्वावर चालतात. दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये धान्य भरले जाते व त्या रचनेची विद्युतभार साठविण्याची क्षमता, म्हणजे धारिता, मोजली जाते. ही धारिता मधल्या पदार्थाच्या परावैद्युतांकावर अवलंबून असते. हवेचा परावैद्युतांक सुमारे १, तर २० अंश सेल्सिअसला पाण्याचा सुमारे ८० असतो. कोरड्या धान्याचा तो अवघा काही एकके असतो. म्हणूनच ओलावा थोडा वाढला तरी धारिता वाढते आणि मापक तिचे टक्केवारीत रूपांतर करतो.

कक्ष अपुरा भरल्यास पट्ट्यांमध्ये धान्य आणि हवा असे दोन पदार्थ येतात. समजा, दोन आडव्या पट्ट्यांमध्ये ४ सेंटिमीटर अंतर असून धान्याचा परावैद्युतांक ४ आहे. कक्ष पूर्ण भरलेला असता धारिता रिकाम्या कक्षाच्या ४ पट होते. आता ३ सेंटिमीटर धान्य व त्यावर १ सेंटिमीटर हवा राहिली, तर हे थर एकसर जोडणीतील दोन धारित्रांप्रमाणे वागतात. प्रत्येक थराची जाडी त्याच्या परावैद्युतांकाने भागून बेरीज केल्यास १ अधिक ०.७५, म्हणजे १.७५ येते. ४ ला १.७५ ने भागता धारिता केवळ २.२९ पट उरते. हवेने जागा व्यापली पाव हिस्सा, परंतु धारिता घटली सुमारे ४३ टक्के.

याचे कारण विद्युतक्षेत्राच्या वाटणीत आहे. धान्यातून होणारे अल्प विद्युतवहन बाजूला ठेवल्यास, परावैद्युतांक आणि विद्युतक्षेत्र यांचा गुणाकार दोन्ही थरांत समान राहतो. त्यामुळे ७ व्होल्ट दाब दिल्यास हवेत प्रति सेंटिमीटर ४ व्होल्ट, तर धान्यात फक्त १ व्होल्ट क्षेत्र असते. हवेचा पातळ थर ४ व्होल्ट घेतो. धान्याच्या तिप्पट जाड थराला ३ व्होल्टच मिळतात.

पट्ट्या उभ्या असून धान्य पाऊण उंचीपर्यंतच भरले असेल, तर दोन्ही भाग समांतर जोडणीत येतात व दोन्हींतील विद्युतक्षेत्र समान असते. तेव्हा धारिता पाव गुणिले १ अधिक पाऊण गुणिले ४, म्हणजे ३.२५ पट होते. येथे घट सुमारे १९ टक्के, म्हणजे तुलनेने कमी असते. तथापि दोन्ही रचनांत चुकीची दिशा एकच राहते : ओलसर धान्य कोरडे भासते आणि तसेच कोठारात जाते.

हे टाळण्यासाठी नमुना मापकाच्या सूचनेनुसार ठरलेल्या वजनाचा किंवा आकारमानाचा घ्यावा, तो एकाच उंचीवरून सारख्या गतीने ओतावा आणि हाताने दाबू नये. दाबल्याने दाण्यांमधील हवा कमी होऊन आकडा उलट वाढतो. पीक बदलल्यास मापकावरील पिकाची निवडही बदलावी. पोखरलेल्या दाण्यांत पोकळी असल्याने नमुन्याची घनता घटते. अशा धान्याच्या वाचनावर विसंबू नये. एकाच ढिगाचे किमान तीन नमुने मोजून सरासरी घ्यावी आणि हंगामापूर्वी ओव्हन पद्धतीने मापकाची पडताळणी करून घ्यावी.