‘एचआर कळवेल’

आयटी कंपनीत इंटरव्ह्यू घेणाऱ्याला तो घ्यायचा कसा, हे बहुधा कुणी शिकवलेलं नसतं. सकाळी त्याचा क्लायंटबरोबर कॉल असतो, संध्याकाळी डिलिव्हरी असते आणि मधेच एचआरचा मेल येतो की आज पॅनेलवर तुम्ही बसा. उमेदवाराचा रेझ्युमे तो पहिल्यांदा वाचतो ते उमेदवाराच्या समोर बसूनच. मग स्वतः फ्रेशर असताना जे प्रश्न त्याला विचारले गेले होते, तेच तो पुढे ढकलतो. घराण्याची गायकी चालावी तसे हे प्रश्न चालत आलेत, फक्त इथे गुरू कोण ते कुणालाच माहीत नाही.

आमच्या खडवलीत दोन घरं पलीकडे राहणाऱ्या मुलीचं असंच झालं. मुंबई विद्यापीठाची इंजिनीअर, एका विषयाची केटी होती तीही सुटलेली. आमची खडवली कसारा लाइनवर, कल्याणच्या पुढे चौथं स्टेशन. भातसा नदीत कुणी बुडालं की गावाचं नाव पेपरात येतं, एरवी नाही. इंटरव्ह्यू होता ऐरोलीला, अकरा वाजता. अंतर फार नाही, पण कसारा लाइनवर लोकल कमी. नाशिककडच्या मेल-एक्स्प्रेसही त्याच दोन रुळांवरून जातात आणि तिसऱ्या मार्गाचं काम वर्षानुवर्षं चालूच आहे. एक गाडी हुकली की पुढचीसाठी ताटकळायचं. ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी, मग दिघा गाव, मग ऐरोली. अकराच्या वेळेसाठी ती पहाटेच उठली होती. आत बोलावलं ते दोन वाजून गेल्यावर.

प्रश्न तीन-चारच झाले. पहिला जावाचा : फायनल, फायनली आणि फायनलाइझ यांत फरक काय? हा प्रश्न भारतातल्या कुठल्याही फ्रेशरला झोपेतून उठवून विचारा. गंमत अशी की यातलं फायनलाइझ जावाच्या नवव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, वापरू नये असं जावावाल्यांनीच जाहीर केलंय. प्रश्न मात्र निवृत्त झालेला नाही.

दुसरा डेटाबेसचा : कर्मचाऱ्यांच्या टेबलातून दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढून दाखव. कोरा कागद आणि पेन पुढे आलं. तिने पगार उतरत्या क्रमाने लावले, पहिला सोडला आणि ‘लिमिट’ वापरून पुढचा उचलला. साहेब म्हणाले, ‘‘लिमिट न वापरता कर.’’ त्यांच्या डोक्यात एकच उत्तर होतं : सगळ्यांत मोठा पगार बाजूला ठेवायचा आणि उरलेल्यांतला मोठा काढायचा. ती अडकली. आता खरं तर तिच्या उत्तरात एक भोक होतं. दोघांचा पगार सारखाच आणि सगळ्यांत मोठा असेल, तर तिची क्वेरी तोच आकडा पुन्हा देते. साहेबांनी ‘दोघांना सारखा पगार असेल तर?’ एवढं विचारलं असतं, तर मुलगी विचार कसा करते ते दोन मिनिटांत दिसलं असतं. ‘लिमिट न वापरता’ या अटीतून फक्त पाठांतर कळतं. प्रश्न तोच असतो. एकाच्या हातात तो चाचणी होतो, दुसऱ्याच्या हातात चाळणी.

तिसरा प्रश्न तांत्रिक नव्हता. ‘‘रोटेशनल शिफ्ट चालेल ना?’’ जाहिरातीत जागा होती डेव्हलपर ट्रेनीची. खोलीत बसल्यावर ती अप्लिकेशन सपोर्टची झाली. कॅब मिळेल, पण ठाण्यापर्यंत. रात्री दोनला ठाण्याहून खडवलीला कसं यायचं, हे पॅनेलच्या अखत्यारीत येत नव्हतं. शेवटी नेहमीचं वाक्य : एचआर कळवेल. त्याला आता बरेच आठवडे झाले.

‘‘काका, मला येत होतं हो,’’ असं ती म्हणाली तेव्हा मी मान डोलावली, ती नुसती समजूत घालायला नव्हे. यावर रीतसर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने मायक्रोसॉफ्टच्या सोबतीने केलेला एक प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंगचं एकच कोडं दिलं. निम्म्यांनी ते बंद खोलीत एकट्याने सोडवलं, निम्म्यांनी परीक्षकासमोर फळ्यावर, मोठ्याने बोलत बोलत. परीक्षकासमोर उभे राहिलेल्यांची कामगिरी एकट्याने सोडवणाऱ्यांच्या निम्म्याहूनही खाली गेली. त्यातल्या मुलींचं तर असं झालं की समोर कुणी असताना एकीलाही जमलं नाही आणि एकटीने सोडवताना सगळ्यांना जमलं. संख्या लहान होती, हे संशोधकांनीही मान्य केलंय. तरी मुद्दा उरतोच. कुणी डोळे लावून बसलं असताना कोड लिहिता येणं हे एक वेगळंच कसब आहे आणि नोकरीत त्याचं काम रोज पडत नाही.

मग इंटरव्ह्यू निरुपयोगीच का? नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून बघितलं : माणूस पुढे काम कसं करेल, याचा अंदाज कशावरून नीट बांधता येतो? गप्पा मारल्यासारखा इंटरव्ह्यू आणि आखीव इंटरव्ह्यू यांत आखीव सरस ठरला. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तेच गणित नव्याने मांडलं, तेव्हा ही दरी आणखी रुंदावली. पूर्ण जुळणी म्हणजे १ आणि काहीच संबंध नसणं म्हणजे शून्य धरलं, तर आखीव इंटरव्ह्यूला ०.४२ मिळाले आणि मोकळ्या गप्पांना ०.१९. आखीव म्हणजे काही फार मोठं नाही. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारायचे आणि चांगलं उत्तर कशाला म्हणायचं ते आधीच ठरवून गुण द्यायचे. शाळेतल्या तोंडी परीक्षेला बाई एवढं तरी करतात.

गूगलनेही ठोकर खाल्ल्यावरच हे मान्य केलं. एकेकाळी तिथे विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, असले प्रश्न विचारत. त्यांचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅस्झलो बॉक यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं की हजारो इंटरव्ह्यू तपासले, इंटरव्ह्यूतले गुण आणि पुढचं काम यांचा संबंध सापडला नाही. कोड्यांचे प्रश्न तर निव्वळ वेळ घालवणारे निघाले; त्यांतून विचारणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं, एवढंच. ब्रायन अॅक्टन यांना २००९ मध्ये फेसबुकने नोकरी नाकारली. त्यांनीच पुढे जान कूम यांच्याबरोबर काढलेलं व्हॉट्सअॅप २०१४ मध्ये फेसबुकला १९ अब्ज डॉलर मोजून विकत घ्यायला लागलं. अशा गोष्टी नापास झालेल्या पोरांना ऐकवू नयेत असं माझं मत आहे, कारण दर नाकारलेल्या माणसातून अॅक्टन निघत नाही. पॅनेलवरच्या माणसाला मात्र जरूर ऐकवाव्यात.

आता कंपन्यांची बाजू. टेबलावर रेझ्युमेंचा ढीग असला की निवडण्याआधी कापाकापी करावीच लागते, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत हा ढीग वाढलाय. कोविडनंतरच्या तेजीत, २०२१-२२ मध्ये, टीसीएसने एका वर्षात लाखभर फ्रेशर घेतले, इन्फोसिसने ८५ हजार. पुढे वारं फिरलं. २०२३-२४ संपताना टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून कर्मचारीसंख्या जवळपास ६४ हजारांनी कमी झाली होती. टीसीएसची संख्या तर २००४ मध्ये शेअर बाजारात आल्यापासून पहिल्यांदाच घटली. जुलै २०२५ मध्ये त्यांनी आणखी १२ हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं. २०२२ मध्ये इन्फोसिसची ऑफर मिळालेली सुमारे दोन हजार मुलं दोन वर्षांहून जास्त काळ जॉइनिंगची वाट बघत बसली. पुण्याच्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार नेली, तेव्हा त्यांचं प्रकरण देशभर गाजलं. म्हणजे ऑफर लेटर हातात आलं तरी पेढे वाटायची घाई नको.

आमच्या पट्ट्यातल्या आधीच्या पिढीची नोकरीची कल्पना वेगळी होती. शहाडची सेंच्युरी रेयॉन, मोहन्याची एनआरसी, अंबरनाथचे कारखाने. कुणाचा तरी मामा आत असे, तो साहेबांच्या कानावर घाले, आणि बदली कामगार म्हणून आत शिरलं की पुढे पर्मनंट व्हायची आशा. वशिल्याची ती पद्धत चांगली होती असं नाही. ज्यांचे मामा आत नव्हते त्यांना विचारा. पण आत कुणीतरी असल्यामुळे नकार तरी लगेच कळायचा. एनआरसी २००९ साली बंद पडली. त्या पिढीतल्या कित्येकांनी पोटाला चिमटा काढून मुलांना इंजिनीअरिंगला घातलं. ‘पास झालीस का नापास?’ एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं, आणि तेवढंच मुलीला सांगता येत नाही.

तिचा दुसरा इंटरव्ह्यू घरीच झाला. माणूस नाही, स्क्रीनवर प्रश्न. तीस सेकंद विचार करायला, दोन मिनिटं बोलायला. आई मागून पाण्याचा हंडा घेऊन गेली, लगेच सूचना झळकली : एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत. वन बीएचकेत एकच चेहरा दिसायचा म्हणजे सगळ्या घराने स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभं राहायचं. अशा व्हिडिओ इंटरव्ह्यूंच्या धंद्यातल्या हायरव्ह्यू या अमेरिकन कंपनीने चेहऱ्यावरच्या हावभावांचं मशीनकडून विश्लेषण करणं जानेवारी २०२१ मध्ये, टीका झाल्यावर, बंद केल्याचं जाहीर केलं. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने नोकरभरतीतल्या अशा यंत्रणा जास्त जोखमीच्या गटात टाकल्यात. तिने जे सॉफ्टवेअर वापरलं ते तिच्या चेहऱ्यावरून काय काय ठरवतं, हे तिला कुणी सांगितलं नाही.

तिसरीकडे ऑफर मिळतेय असं वाटलं, तर बाँड निघाला. ट्रेनिंगचे पैसे आधी भरा, दोन वर्षांत सोडलं तर आणखी भरा, मूळ मार्कशीट आमच्याकडे ठेवा. बाँडला कायद्यात किंमत नाही, असं पोरं एकमेकांना सांगतात. तसं सरसकट म्हणता येत नाही. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. पण ती सरकारी बँकेची, जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन भरलेली जागा होती. नोकरी लागायच्या आधीच उमेदवाराकडून पैसे उकळणं हा मामला पूर्ण वेगळा. मूळ कागद कुणाच्याही ताब्यात देऊ नयेत आणि नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नये. याबाबतीत मी तरी तडजोड सांगणार नाही.

राहता राहिलं ते न कळवणं. एमपीएससीत मुलं वर्षं घालवतात, पण गुण तरी कळतात. खासगी कंपनीने इंटरव्ह्यू घेतल्यावर उत्तर दिलंच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही. कॅनडातल्या ओंटॅरियो प्रांतात तो आलाय. १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने जाहिरात दिलेल्या जागेसाठी इंटरव्ह्यू घेतला, तर शेवटच्या इंटरव्ह्यूपासून ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवायचं. निवडीत एआय वापरत असतील तर जाहिरातीतच तसं लिहायचं. यात कंपनीचं काय जातं? एक मेल.

आपल्याकडे तसा कायदा येईपर्यंत मी त्या मुलीला दोन गोष्टी सांगितल्या. परतीच्या गाडीत ठाणे ते कल्याण एवढ्या वेळात विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरव. तेच प्रश्न पुढच्या ठिकाणीही येतात. आणि जायच्या आधी एचआरला फोन करून चार गोष्टी विचार : जागा नेमकी कुठली, शिफ्ट कुठली, बाँड आहे का, उत्तर कधीपर्यंत. ‘‘असं विचारलं तर उद्धट समजतील ना, काका?’’ समजतील काही जण. पण त्याच चार गोष्टी कंपनीने स्वतःहून मेलमध्ये लिहिल्या, पहिली फेरी दहा मिनिटं फोनवर घेतली, तर ‘रात्रपाळी जमणार नाही’ हे सांगायला खडवलीहून कुणाला ऐरोलीपर्यंत जावं लागणार नाही. पॅनेलवरच्या साहेबांचीही दुपार वाचेल.