परदेशी ट्रिपला निघालात? मशीनवर ‘रुपये’ दिसले तरी ते बटण दाबू नका

खत-बियाणे, सिमेंट, पाईप, पेंट अशा एजन्सीवाल्यांचे टार्गेट पूर्ण झाले की कंपनीकडून थायलंड किंवा दुबईची ट्रिप मिळते. द्राक्षाचा हंगाम उरकला की निफाड, दिंडोरीकडचे काही ग्रुप स्वखर्चानेही निघतात. बॅगेत चिवडा, लोणचे, दशम्या आठवणीने भरल्या जातात. पैशाचे मात्र ‘बघू तिकडे गेल्यावर’ असते. मग विमानतळावरच्या काउंटरवर मिळेल त्या भावाने नोटा घ्याव्या लागतात, नाहीतर एटीएम कार्ड चालत नाही म्हणून सोबतच्यांकडे उसने मागावे लागतात.

सर्वाधिक डीलर जातात त्या थायलंडचेच उदाहरण घेऊ. तिथले चलन बाट. बाटचा भाव रोज बदलतो, हिशेबाच्या सोयीसाठी तो २ रुपये ६० पैसे धरू.

पहिला प्रश्न रोख किती न्यायची. पॅकेजमध्ये हॉटेल, नाश्ता, बस असते. पण टुकटुक, रस्त्यावरचे खाणे, रात्रीचा बाजार आणि गाइड तिथे गेल्यावर सुचवतो त्या जादा सहली, हे सगळे बहुतांशी रोखीत चालते. शिवाय उतरल्यावर तिथले इमिग्रेशन अधिकारी प्रत्येक माणसाला पुरेसे बाट किंवा तेवढ्या किमतीचे चलन दाखवायला सांगू शकतात. दरवेळी विचारतातच असे नाही, पण विचारले तर दाखवावे लागते.

नोटा अधिकृत मनी चेंजरकडून किंवा परकीय चलनाचे काम करणाऱ्या बँक शाखेतूनच घ्याव्यात. तालुक्याच्या शाखेत त्या बहुधा मिळत नाहीत, जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. पासपोर्ट, पॅन कार्ड, विमानाचे तिकीट सोबत ठेवा. एका प्रवासाला ३ हजार डॉलरपर्यंतच्या किमतीच्या परदेशी नोटा नेता येतात. इथे आपल्याकडचे लोक एका गोष्टीला अडतात: चलनाची किंमत ५० हजार रुपयांच्या वर गेली की पैसे रोख देता येत नाहीत, चेकने किंवा खात्यातून द्यावे लागतात. त्यामुळे पिशवीत रोकड घेऊन गेलेला माणूस परत येतो. भाव विचारताना ‘सगळे धरून हातात किती बाट पडणार’ असेच विचारा. जीएसटी फार नसतो, २५ हजारांच्या व्यवहाराला ४५ रुपये. खरी तफावत भावात असते, म्हणून दोन ठिकाणी विचारलेले बरे. डॉलर घेऊन तिकडे बदलायचे असतील तर १०० च्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा घ्या. लहान नोटांना तिथे भाव कमी मिळतो आणि फाटकी नोट घेतच नाहीत.

कार्ड चालू आहे का?

रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नवे कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरते चालू असते. परदेशातला वापर ग्राहकाने स्वतः बँकेच्या अॅपमधून किंवा शाखेत जाऊन सुरू करायचा असतो. हे काम निघण्याआधी चार दिवस करा, तिकडे पोहोचल्यावर फोन लावत बसू नका. तिथेच रोजची मर्यादाही ठरवता येते, ती कमी ठेवा. जिल्हा बँकेचे किंवा पतसंस्थेचे कार्ड असेल तर ते परदेशात चालते का हे शाखेत स्पष्ट विचारून घ्या. ‘रुपे आहे म्हणजे चालेल’ हे गृहीत धरू नका. रुपेची सगळीच कार्डे परदेशात चालणारी नसतात.

साध्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर बँका परकीय चलनाच्या व्यवहाराला जादा आकार लावतात, अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १० हजारांच्या खरेदीला चारशेच्या वर. बँकेचे फॉरेक्स कार्ड घेतले तर हा आकार वाचतो, पण त्यात बाटच भरलेले हवेत. डॉलर भरून बाटमध्ये खर्च केला की चलन बदलाचा आकार पुन्हा लागतो.

आता ते बटण. दुकानात कार्ड लावले की मशीन विचारते: बिल बाटमध्ये घ्यायचे की रुपयांत? आपला माणूस रुपये बघून सुखावतो आणि तेच निवडतो. पण रुपये निवडले की भाव तिथली मशीनवाली कंपनी ठरवते, आणि त्यात तिचा नफा असतो. समजा ५ हजार बाटची खरेदी आहे, आपल्या धरलेल्या भावाने १३ हजार रुपये. मशीनने सहा टक्के चढा भाव लावला तर १३ हजार ७८० होतात. कधी कधी दुकानदार न विचारता स्वतःच रुपये दाबतो. पिन टाकण्याआधी पडद्यावर बाट लिहिले आहे ना, ते पाहा. एटीएमही हाच प्रश्न विचारते, उत्तर तेच.

थायलंडच्या एटीएममधून बाहेरच्या कार्डाने पैसे काढले की दरवेळी २०० बाटच्या वर शुल्क कापले जाते, म्हणजे सुमारे साडेपाचशे रुपये. आपली बँक लावते ते वेगळे. रोज हजार हजार बाट पाच वेळा काढणाऱ्याचे निव्वळ शुल्कात अडीच हजारांच्या वर जातात. काढायचेच तर एकदाच काढा.

यूपीआयचे काय?

यूपीआय आता संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स इथल्या काही दुकानांत चालते. दुबईला जाणाऱ्यांनी अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आधी सुरू करून ठेवावा. बँकॉकच्या प्रत्येक ठेल्यावर क्यूआर दिसतो, पण तो त्यांच्या देशातल्या व्यवस्थेचा असतो. तो पाहून खिसा रिकामा ठेवू नका.

बँकेचे मेसेज येण्यासाठी भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवावे. अनेक परदेशी वेबसाइटवर ओटीपी न मागताच पैसे कापले जातात, त्यामुळे कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकणे किंवा कार्ड गाइडच्या हातात देणे टाळा. कार्ड हरवले, न केलेला व्यवहार दिसला तर अॅपमधून लगेच ब्लॉक करा आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवा. चूक बाहेरच्या कोणाची असेल तर या मुदतीत तक्रार करणाऱ्यावर नुकसान पडत नाही. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून ठेवा, फोनच चोरीला गेला तर तोच कामी येतो. सगळ्या ग्रुपचे पैसे एकाच्या कमरपट्ट्यात ठेवण्याची आपल्याकडची पद्धतही सोडलेली बरी.

कंपनीने दिलेली ट्रिप करखात्याच्या लेखी फुकट नसते. वर्षभरात २० हजार रुपयांच्या वर असा लाभ दिला तर १० टक्के टीडीएस भरावा लागतो. हा नियम १ जुलै २०२२ पासून आहे. स्वतः पॅकेज विकत घेणाऱ्याकडून टूर कंपनी टीसीएस घेते. दोन्ही रकमा पॅनवर जमा दिसतात आणि रिटर्न भरताना वळत्या होतात, फक्त ट्रिपची किंमत उत्पन्नात धरावी लागते. पावती फेकून न देता सीएकडे द्या.

परत आल्यावर उरलेल्या नोटा १८० दिवसांत बदलून घ्याव्यात, २ हजार डॉलरपर्यंतच्या ठेवून घेता येतात. नाणी इथे सहसा कोणी घेत नाही, ती बँकॉकच्या विमानतळावर चहापाण्यातच संपवा.